संत पौलाच्या बेटावरचा विंचू आणि आपल्या शिवारातला विंचू

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी पहिली मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरत होतो. आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क शेतकरी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या पिशवीत घालून वाट पाहत उभे होते. एका बरणीत वीतभर लांब, काळाकुळकुळीत, जाड चिमट्यांचा विंचू होता. दुसरीत जेमतेम बोटाएवढा, तांबूस रंगाचा. "ह्यातला वाईट कुठला, सांगा की ओ फादर," त्यांनी विचारले. आजूबाजूला दहाबारा माणसे जमली. सर्वांनी एकमुखाने काळ्याकडे बोट दाखवले. म्हातारबा म्हणाले, "मीबी तेच म्हणत होतो. पण माझ्या नातवाला आडवा पाडला तो ह्या तांबड्यानं."

हकीकत अशी. नऊ वर्षांचा तो मुलगा दिवेलागणीला चुलीसाठी शेणी आणायला खोपटात गेला आणि हाताच्या बोटाला विंचू चावला. घरच्यांनी विंचू पाहिला. "एवढासा तर आहे," असे म्हणून सगळे निर्धास्त झाले. आजीने कांदा चोळला, चुना लावला, घरातले पवित्र पाणी शिंपडले आणि संत पौलाचा धावा केला. अर्ध्या तासाने मुलाला दरदरून घाम फुटला, दोनदा उलटी झाली. घरात आनंद झाला: घामावाटे विष उतरले! दैवयोगाने म्हणा किंवा देवाच्या कृपेने म्हणा, शेजारच्या गल्लीतून दवाखान्यातील सिस्टर चालल्या होत्या. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला. ऐन मे महिन्यात तो बर्फासारखा गार लागत होता. त्यांनी एक शब्द न बोलता जीप थांबवली आणि मुलाला तालुक्याच्या रुग्णालयात नेले. दोन रात्री तो तेथे होता. तिसऱ्या दिवशी घरी आला.

आता आमचा कबुलीजबाब. आजीने नेमका संत पौलाचाच धावा का केला? कारण जानेवारी महिन्यात, पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला, आम्हीच प्रवचनात माल्टा बेटाची गोष्ट रंगवून सांगितली होती. पौलाने पाय ठेवल्यापासून त्या बेटावरील सापाविंचवांचे विष कायमचे गेले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे, असे आम्ही म्हणालो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. त्या बेटावर विंचू आहे तरी कोणता, हे आम्ही सांगितले नाही, कारण आम्हांलाच ते ठाऊक नव्हते. त्या रविवारनंतर आम्ही पुस्तके उघडली. जे सांगायचे राहिले होते ते आज सांगत आहोत.

बेटावर काय घडले

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय आपणांस ऐकून माहीत आहे. सुमारे इसवी सन ६० मध्ये कैदी म्हणून रोमला नेला जाणारा पौल जहाज फुटल्याने माल्टाच्या किनाऱ्याला लागला. पावसाने व थंडीने गारठलेल्या लोकांसाठी बेटवासीयांनी शेकोटी पेटवली. पौल काटक्या गोळा करून आगीत घालत असता उष्णतेने एक विषारी साप बाहेर आला व त्याच्या हाताला डसला. पौलाने तो आगीत झटकून टाकला आणि त्याला काहीही झाले नाही.

आता नीट ध्यान द्या. पवित्र शास्त्र येथे एका माणसावरील, एका प्रसंगीच्या देवाच्या कृपेची हकीकत सांगते. बेटावरील सर्व सापांचे विष नाहीसे झाले, असे त्या अध्यायात कोठेही लिहिलेले नाही. विंचवाचा तर त्यात उल्लेखच नाही. ते सर्व नंतरच्या लोककथेत आले.

ही लोककथा का टिकली, हेही समजण्यासारखे आहे. आज माल्टामध्ये सापांच्या चार जाती आढळतात. त्यांतील एकही माणसाच्या जिवावर उठणारी नाही. विंचवाची तेथील मूळची जात एकच, आणि तिचा डंख फार तर मधमाशीच्या डंखाइतका. म्हणजे तेथील शेतकऱ्याच्या अनुभवाशी ती कथा जुळत होती. ज्या गावात विंचू चावून कधी कोणी दगावले नाही, त्या गावाने आपल्या प्रेषिताचे आभार मानले, तर त्यात नवल ते काय? १० फेब्रुवारीला माल्टात पौलाच्या जहाजफुटीचा सण आजही थाटाने साजरा होतो.

परंतु गोष्ट तेथे थांबली नाही. रबात गावी संत पौलाची गुहा आहे. पौल त्या गुहेत राहिला, अशी परंपरा आहे. तिच्या भिंतीचा पांढरा चुनखडक खरवडून, त्याच्या वड्या पाडून, त्यांवर पौलाचा छाप उमटवून त्या सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपभर पाठवल्या जात. सर्पदंश, विंचूदंश, ताप, सर्वांवर तोच उपाय. कितीही खोदली तरी गुहा रिकामी होत नाही, असेही म्हणत. ज्या बेटावर विंचू निरुपद्रवी होता, तेथून निघालेली ती भुकटी जेथे विंचू खरोखर मारक होता अशा प्रदेशांतही गेली असेल. तेथे किती रोग्यांचा वेळ तिने खाल्ला, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

जिभेचे दगड आणि एक बिशप

ह्याच बेटावरील दुसरी एक वस्तू पाहू. माल्टाच्या खडकात बोटाएवढे ते तळहाताएवढे, चकचकीत, त्रिकोणी दगड सापडतात. पौलाच्या शब्दाने सापांच्या जिभा दगड झाल्या त्या ह्याच, असे लोक मानत. हे दगड गळ्यात बांधत, विषबाधा होऊ नये म्हणून पेल्यात बुडवत.

१६६६ मध्ये इटलीच्या लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क मासा पकडला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आले. त्याने जबडा उघडून दात पाहिले. ते माल्टाच्या जिभेच्या दगडांसारखे हुबेहूब होते. १६६७ मध्ये त्याने छापून सांगितले की हे दगड म्हणजे प्राचीन काळच्या शार्क माशांचे दात होत. असा अंदाज त्याच्यापूर्वीही काहींनी केला होता, पण दात समोर ठेवून बारकाईने तुलना स्टेनोने केली.

हा माणूस श्रद्धाहीन होता काय? त्याच १६६७ साली तो कॅथॉलिक झाला, पुढे धर्मगुरू झाला, १६७७ मध्ये बिशप झाला, आणि १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. दगडाला दगड व दाताला दात म्हटल्याने पौलाची थोरवी कमी होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असावे. देवाने निर्माण केलेली वस्तू तिच्या खऱ्या नावाने ओळखणे हाही निर्मात्याचा मानच आहे.

एका विंचवाची नावे

आता माल्टाच्या विंचवाकडे येऊ. हा प्राणी लहान, वाढ पूर्ण झाली तरी साधारण चार सेंटिमीटरपर्यंतचा. रंग गडद तपकिरी ते काळसर, पाय जरा फिके. शेतांच्या रचलेल्या दगडी बांधांत, भिंतींच्या फटींत, दगडांखाली तो राहतो, रात्री बाहेर पडून किडे धरतो. चिमटे अंगाच्या मानाने रुंद आणि शेपटी बारीक. डिवचला तरी नांगी क्वचितच चालवतो. भक्ष्य धरण्याचे काम चिमट्यांनीच भागते.

त्याचे शास्त्रीय नाव ठरायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. १७६७ मध्ये स्वीडनच्या लिनियसने कार्पाथियन पर्वतांच्या नावावरून एका विंचवाला 'कार्पाथिकस' हे नाव दिले. १८३७ मध्ये जर्मनीच्या कोख याने सिसिलीतील विंचवाला 'सिकेनस' म्हणजे सिसिलीचा असे नाव दिले. पुढच्या अभ्यासकांना हे सारे लहान, काळसर विंचू सारखेच दिसले. त्यांनी दक्षिण युरोपातील अशा अनेक विंचवांना कार्पाथिकस ह्या एकाच मोठ्या पोत्यात भरले. सिकेनस ही त्यातली नुसती एक उपजात ठरली. माल्टाचा विंचूही त्याच पोत्यात गेला.

पोते सोडवले कसे? रंग पाहून नव्हे, कारण रंग वयाप्रमाणे व जागेप्रमाणे बदलतो. आकारावरूनही नव्हे. विंचवाच्या चिमट्यांच्या हातांवर अतिशय बारीक केस असतात. हवा जराशी हलली तरी त्या केसांना समजते. प्रत्येक केस एका छोट्या वाटीसारख्या खळग्यात बसलेला असतो. त्यांची संख्या व जागा जातीगणिक बऱ्याच अंशी ठरलेली असते. फ्रान्सच्या माक्स वाशों यांनी १९७० च्या दशकात ह्या केसांच्या जागांचा पद्धतशीर नकाशाच तयार करून दिला. तेव्हापासून विंचू ओळखणारा माणूस भिंगाखाली केस मोजू लागला.

मग त्याला रक्ताच्या नात्याच्या पुराव्याची, म्हणजे डी.एन.ए. तपासणीची जोड मिळाली. २००३ मध्ये व्हिक्टर फेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी इटली, माल्टा व ग्रीस येथील विंचवांचे केस मोजले, डी.एन.ए. तपासला आणि सिकेनस ही कार्पाथिकसहून निराळी, स्वतंत्र जात आहे असे दाखवून दिले. ह्या अभ्यासकांत माल्टा विद्यापीठाचे पॅट्रिक स्केम्ब्रीही होते. तेव्हापासून पौलाच्या बेटावरील विंचू 'युस्कॉर्पियस सिकेनस' ह्या नावाने ओळखला जातो. कार्पाथिकस हे नाव आता रुमानियातील विंचवापुरते उरले आहे.

तोच सिकेनस सिसिलीत आहे, सार्डिनियात आहे, दक्षिण इटलीतही आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती, तेव्हा माल्टा व सिसिली जमिनीने जोडलेले होते. म्हणून माल्टाचे पुष्कळ प्राणी सिसिलीच्या प्राण्यांचे सोयरे आहेत. सिसिली माल्टापासून सुमारे ९० किलोमीटर दूर. सिसिलीतील शेतकऱ्यालाही सिकेनस चावला तर तितकेच दुखते, जितके माल्टाच्या शेतकऱ्याला. पौलाच्या वास्तव्याशी त्याचा संबंध नाही.

आणि दुसऱ्या बाजूला पाहा. माल्टाहून पश्चिमेला समुद्रापलीकडे ट्युनिशिया आहे, अंतर सुमारे ३०० किलोमीटर. तेथे 'अँड्रोक्टोनस ऑस्ट्रालिस' नावाचा पिवळसर, जाड शेपटीचा विंचू राहतो. माणसाचा जीव घेणाऱ्या विंचवांत त्याची गणना होते. तो एखाद्या जहाजाच्या मालातून माल्टाच्या धक्क्यावर उतरला, तर त्याचे विष काही गळून पडणार नाही. निरुपद्रवीपणा हा माल्टाच्या मातीचा गुण नव्हे, तो सिकेनस ह्या जातीचा गुण आहे. आम्ही प्रवचनात हेच सांगायला चुकलो, आणि आमच्या बोलण्यातून आजीने असा अर्थ घेतला की माल्टाचा दिलासा आपल्या खोपटातल्या विंचवालाही लागू आहे.

आपल्या शिवारातले दोन

आपल्याकडे विंचवांच्या जाती अनेक आहेत. परंतु शेतकऱ्याने निदान दोन तरी ओळखल्याच पाहिजेत, आणि ते दोन त्या दिवशीच्या बरण्यांत होते.

पहिला काळा. कित्येक गावांत ह्याला इंगळी म्हणतात. देह मोठा, रंग काळा किंवा हिरवट झाक असलेला काळा, चिमटे खेकड्यासारखे जाड व रुंद, शेपटी त्या मानाने बारीक. जमिनीत बीळ करून राहतो. पावसाळ्याच्या आरंभी बिळात पाणी शिरले की बाहेर पडतो व लोकांची गाळण उडवतो. ह्याचा डंख चांगलाच झोंबतो, सूजही येते, पण जिवाला धोका सहसा नसतो. शास्त्रज्ञ ह्यांना दीर्घकाळ 'हेटेरोमेट्रस' म्हणत. २०२० मध्ये ह्या कुळाची नव्याने मांडणी झाली आणि आपल्या दख्खनकडील काही जाती 'डेक्कॅनोमेट्रस' ह्या नव्या नावाखाली गेल्या. नाव बदलले, विंचू तोच आहे.

दुसरा तांबडा. लांबी पाच ते नऊ सेंटिमीटर. रंग नारिंगी तांबूस ते तपकिरी, पाय पिवळसर, पाठीवर करड्या, खरखरीत रेघा. चिमटे सडपातळ, जणू कागद उचलण्याचे. शेपटी मात्र जाड व भरदार. तो बीळ करून बसत नाही, तर दगडांखाली, भिंतीच्या भेगांत, लाकडांच्या व शेणींच्या ढिगात, गवताच्या गंजीत, कौलांखाली राहतो. म्हणजे आपल्या हातापायांच्या अगदी जवळ. डेन्मार्कच्या फाब्रिसियसने १७९८ मध्ये ह्याला 'टॅम्युलस' म्हणजे तामिळ देशाचा, असे नाव दिले. पुढे तो ब्युथस टॅम्युलस झाला, मग मेसोब्युथस टॅम्युलस, आणि २००७ पासून हॉटेन्टोटा टॅम्युलस. डॉक्टरांच्या लेखांत अजून जुनी नावे भेटतात. वाचणाऱ्याने गोंधळू नये: पहिला शब्द बदलला तरी 'टॅम्युलस' दिसले की हा तांबडाच समजावा.

आता माल्टाचा सिकेनस पुन्हा डोळ्यांसमोर आणा: रुंद चिमटे, बारीक शेपटी. आपला काळाही तसाच. ट्युनिशियाचा मारक विंचू: सडपातळ चिमटे, जाड शेपटी. आपला तांबडाही तसाच. कारण सोपे आहे. ज्याचे चिमटे बळकट, तो चिमट्यांनी भागवतो. ज्याचे चिमटे नाजूक, त्याची सारी मदार नांगीवर. म्हणून घरातील लहानथोरांना इतके पाठ असू द्यावे: जाड चिमटे, बारीक शेपटी, तर धोका कमी, बारीक चिमटे, जाड शेपटी, तर धोका मोठा. आकार पाहून घाबरू नये आणि आकार पाहून निर्धास्तही होऊ नये.

मात्र हा नियम बरणीतल्या मेलेल्या विंचवासाठी आहे, चावलेल्या माणसाला घरी बसवून ठेवण्यासाठी नव्हे. त्याला अपवाद आहेत. इराणमध्ये बारीक शेपटीचा एक विंचू अत्यंत घातक आहे. शिवाय अंधारात पाहिलेला विंचू कोणता होता, ह्याची खात्री कोण देणार? विंचू दिसला नसेल तर तो तांबडाच होता, असे धरून चालावे.

चावल्यावर काय होते, काय करावे

तांबड्याचे विष शरीरातील नसांना एकदम चेतवते. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब भडकतो, हृदयावर फार मोठा ताण येतो. पुढे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते, रोग्याला धाप लागते. लहान मुलांत हे सर्व फार लवकर घडते.

ह्या आधी शरीर काही खुणा देते. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ सुटणे, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, पुरुषांत व मुलग्यांत लिंग ताठ होणे. शेवटची खूण लाजेने लपवली जाते. ती लपवू नये, डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. आणि घाम म्हणजे विष उतरले, हा समज तर मनातून साफ काढून टाकावा. घाम म्हणजे विष सर्व अंगात भिनल्याची वर्दी. उलट, चावल्या जागी भयंकर दुखते आहे पण घाम, उलटी, गारठा काही नाही, अशा रोग्याला बहुधा धोका कमी असतो. दुखणे किती ह्यावरून विष किती, हे ठरत नाही.

ही माहिती आपल्याच सह्याद्रीच्या कुशीतून जगाला मिळाली आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाचे रोगी रात्र रात्र बसून तपासत व लक्षणे टिपून ठेवत. रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिन नावाची गोळी ह्या विषाचा मारा रोखते, असे त्यांना आढळले, आणि १९८६ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर झालेल्या शंभर रोग्यांतील तीसचाळीस दगावत. हे प्रमाण पुढे एकदोनपर्यंत खाली आले. २०११ मध्ये त्यांनीच दाखवले की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरील लस दिली तर रोगी आणखी लवकर बरा होतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक खेड्यातला डॉक्टर, हातात वही, समोर रोगी. संत लूकही वैद्यच होता, आणि प्रेषितांची कृत्ये त्यानेच लिहिली, ह्याची येथे आठवण होते.

तेव्हा, विंचू चावल्यास:

चावलेल्यास धीर द्या, त्याला चालवत, पळवत नेऊ नका. जागा स्वच्छ पाण्याने धुवा. कापडात गुंडाळलेला बर्फ लावल्यास दुखणे कमी होते.

दोरी आवळू नका, कापू नका, डागू नका, तोंडाने ओढू नका. कांदा, चुना, चिंचोका ह्यांत वेळ दवडू नका.

लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच निघा. मोठ्या माणसाला घाम, उलटी, गार हातपाय ह्यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी तत्काळ न्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

विंचू सहज मारता आला तर बाटलीत घालून न्या, किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढा. तो शोधत बसू नका.

प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. रक्तदाब एकाएकी खाली जाऊ शकतो. ते डॉक्टरांचे काम.

आणि चावूच नये म्हणून: शेणी व लाकडे घराच्या भिंतीला लागून रचू नका. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. भिंतीच्या भेगा लिंपा. खाट भिंतीपासून दूर ओढा, अंथरूण झटका, चपला पायात घालण्यापूर्वी आपटा. विंचवाचे अंग अतिनील प्रकाशात हिरवट निळे चमकते. तशा प्रकाशाच्या लहान विजेऱ्या आता बाजारात मिळतात. तरुण मंडळींनी एखादी घेतली तर रात्री खोपट तपासायला बरी.

जाता जाता एक गैरसमज. विंचवीण पिल्लांना जन्म देताच पिल्ले तिला खाऊन टाकतात, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. तसे होत नाही. पिल्ले जन्मतः तिच्या पाठीवर चढतात, पहिली कात टाकेपर्यंत तेथेच राहतात आणि मग आपापल्या वाटेने जातात. आपल्या जुन्या जाणत्यांनी विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे म्हटले, ते डोळ्यांनी पाहूनच म्हटले.

म्हातारबांची ती बरणी आता सिस्टरांच्या दवाखान्यात फळीवर आहे. दोन्ही विंचू स्पिरिटमध्ये ठेवले आहेत, खाली मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहून ठेवावेत. मुलांना तर अवश्य दाखवावेत.

आणि त्या आजींना आम्ही मुद्दाम भेटून आलो. त्यांनी विचारले, "फादर, मग संत पौलाला हाक मारायची न्हाई का?" आम्ही म्हणालो, जरूर मारायची, गाडीत बसल्यावर, वाटभर मारायची. आपला प्रभू सांगतो की अंडे मागणाऱ्या लेकराच्या हाती कोणताही बाप विंचू देत नाही. त्या बापाने आपल्याला डोळे दिले, सिस्टर दिल्या, डॉक्टर दिले. त्या दिवशी पौलाने आजीची हाक ऐकली, असे आम्हीही मानतो. त्याने गल्लीतून सिस्टरांना पाठवले.